अक्काची साफसफाई

माझी थोरली बहीण जन्मभर दुसऱ्यांचे डाग काढत आली. हे मी कौतुकाने सांगते आहे असं समजू नका. मी तिच्याबरोबर एका खोलीत वाढले आहे. शाळेत असताना माझ्या वहीत शाई सांडली की ती ते पान खोडरबराने घासत बसायची, पार भोक पडेपर्यंत. मी रडायला लागले की म्हणायची, "भोक परवडलं, डाग नको." पुढे तिला मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी लागली, तेव्हा आई म्हणाली, "चला, आता हिला मोकळं रान मिळालं. आपली सुटका झाली."

धुलाईघर इस्पितळाच्या तळघरात होतं. तिथल्या भिंतींना कायम घाम फुटलेला असायचा. माणूस आत उभा राहील एवढाली यंत्रं दिवसभर घरघरत असायची आणि ढकलगाड्यांतून चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे येत राहायचे. अक्का सुरुवातीला डाग निवडायच्या टेबलावर होती. रक्ताला थंड पाणी, औषधाच्या पिवळ्या डागाला वेगळी पावडर, आणि ज्याला काहीच लागू पडत नाही ते कोपऱ्यातल्या पिंपात, जाळायला. काही वर्षांनी ती तिथली मुकादम झाली. हाताखालच्या बायका तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत, कारण तिच्या नजरेतून सुटेल असा डाग अजून पडायचा होता. एकदा मी तिला विचारलं, "एवढ्या आजारी माणसांच्या चादरी बघून तुला वाईट नाही वाटत?" तर म्हणाली, "माणूस बरं करणं माझ्या हातात नाही. चादर आहे." मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

अशा बाईने लग्न कुणाशी करावं? गवंड्याशी. आणि तेही कुणी ठरवून दिलेलं नाही, स्वतःच्या पसंतीने. इस्पितळाच्या मागच्या अंगाला नवी भिंत उठत होती. वाळत घातलेल्या चादरींवर सिमेंट उडालं म्हणून अक्का तावातावाने भांडायला गेली. समोर थापी हातात घेऊन दाजी उभे. ते भांडण संध्याकाळपर्यंत चाललं, दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झालं, आणि लग्न झाल्यावरही कुणी ते थांबवायची तसदी घेतली नाही.

मला आधी त्या दोघांची काळजी वाटायची. नंतर कळलं की भांडल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. दाजी कामावरून आले की दारातच अक्काच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"थांबा तिथेच! चपला बाहेर. सदरा बाहेर. अंग झटका आधी."

"झटकतो. पण झटकल्यावर काही उरलंच नाही तर?"

"उरेल तेवढं आत आणा."

"बाईसाहेब, या चिखलावर घर चालतं."

"घर साबणावर चालतं. चिखलावर डुकरं लोळतात."

दाजी शांतपणे सदऱ्याची बटणं काढत म्हणायचे, "डुकराच्या बायकोला काय म्हणतात, ते तुला ठाऊक असेलच."

मग अक्का हसू दाबत आत पळायची आणि त्या रात्री दाजींच्या ताटात जरा जास्तच वाढलं जायचं. भांडणाचे त्यांचे नियम होते. दाराच्या आत माती, चुना, सिमेंट यांचं नावसुद्धा काढायचं नाही, हा अक्काचा नियम. तिच्या कामाला कधीही चांगलं म्हणायचं नाही, हा दाजींचा. चादर कितीही पांढरीशुभ्र निघाली तरी ते डोळ्यांवर हात धरून म्हणायचे, "आंधळा करतेस का मला?" त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यावरून मात्र ती दोघं कधी एका शब्दाने भांडली नाहीत.

काम सुटल्यावर दाजींच्या छातीने दगा दिला. इतकी वर्षं दगडाची आणि सिमेंटची पूड आत गेली होती, ती बाहेर कुठून येणार? डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत बसत जा. म्हणून मी त्यांना आमच्या बागमंडळात नेलं. मी पडदे शिवते. दिवसभर खोलीत यंत्रावर वाकून मान मोडते, तेव्हा संध्याकाळी मातीत हात घालायला म्हणून मी आधीपासून तिथे जात होते.

मंडळ म्हणजे काही थाटाचं नाही. बस डेपोच्या भिंतीमागे नगरपालिकेने वापरायला दिलेली एक लांबट पट्टी, एक नळ, एक पत्र्याची खोली आणि प्रत्येकाला एकेक वाफा. भाजी लावायची नाही. फुलंच लावायची, आणि तीही माश्यांच्या, फुलपाखरांच्या उपयोगी पडतील अशी. आमच्या सचिवबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं धरतात. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी बजावतात, "फूल तुमच्यासाठी नाही. हे आधी डोक्यात घ्या." औषध फवारायचं नाही. आणि हिवाळ्यात झाडं वाळली तरी कापायची नाहीत, कारण त्या वाळक्या पोकळ काड्यांत माश्यांची पिल्लं झोपलेली असतात.

पोळं बांधणारी माशी वेगळी. ही एकटी राहते. हिला राणी नाही, मध नाही, डंख मारायचीही फारशी हौस नाही. वसंतात ती एखादी पोकळ काडी हेरते. आत शिरून परागाची शिदोरी ठेवते, तिच्यावर एक अंडं घालते आणि चिखलाची भिंत घालते. पुन्हा शिदोरी, पुन्हा अंडं, पुन्हा भिंत. काडी भरली की तोंडाशी चिखलाचं जाड बूच लावते आणि जाते ती जातेच. पिल्लं आतल्या आत मोठी होतात आणि पुढच्या वसंतात बूच फोडून बाहेर येतात. मंडळात आम्ही तिला गवंडीण म्हणतो, तर दाजी तिच्या प्रेमात पडले यात नवल काय?

काड्यांसमोर स्टूल टाकून ते तासन्‌तास बसायचे. जुन्या बडीशेपेचे दांडे त्यांनी गुडघ्याएवढे छाटून उभे ठेवले होते. गवंडीण ओल्या चिखलाची गोळी घेऊन आली की मला हाक मारायचे, "अगं ये, बघ! ओळंबा नाही, पातळी नाही, आणि भिंत बघ कशी! मला हिने शागीर्द ठेवलं असतं का, शंकाच आहे." काडी भरून बूच लागलं की तिच्यावर चुन्याचं बोट लावून ठेवायचे. त्या वसंतात कितीतरी काड्यांवर चुना लागला. मी एकदा विचारलं, "घरी सांगितलंत का अक्काला?"

"घरी? चिखलाचं नाव काढायची सोय आहे का घरात? तुझी बहीण मलाच बूच लावेल."

आमच्यात एक रीत आहे. वसंतात ज्याच्या वाफ्यातलं बूच पहिल्यांदा फुटेल, त्याने हाक मारायची. मग बाकीचे हातातलं टाकून धावत येतात, गवंडीण पंख सुकवून उडेपर्यंत कुणी बोलत नाही, आणि नंतर वाफ्याचा धनी सगळ्यांना चहा पाजतो. दाजींनी तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं की येत्या वसंतातला चहा त्यांचा.

उन्हाळा संपता संपता ते एकदा नळापाशी खाली बसले आणि त्यांना उठता येईना. छातीचे फोटो निघाले. डॉक्टरांनी अक्काला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिवाळा निघाला तर निघाला." दाजींना आम्ही सांगितलं नाही, पण ते काय दूधखुळे होते? त्यांनी एकच हट्ट धरला. वसंतात मला बागेत नेऊन बसवा, माझ्या गवंडिणी बाहेर येताना मला बघायच्या आहेत, मग काय व्हायचं ते होऊ दे. हे ते माझ्याजवळ म्हणायचे, सचिवबाईंजवळ म्हणायचे. अक्काला मात्र एवढंच सांगायचे, "वसंतात मला बागेत ने." तिला वाटलं, नवऱ्याला फुलं बघायची आहेत.

त्यांच्या झाडांना पाणी घालायला म्हणून अक्का मंडळात आली, आणि शेजारचा वाफा रिकामा होता तो तिने स्वतःच्या नावावर घेतला. तिथे तिने काय लावावं? डेलिया. गेंदासारखा भरगच्च झेंडू. दुहेरी पाकळ्यांच्या झिनिया. सगळं एका रांगेत, एका उंचीचं, पानावर धूळ म्हणून नाही. बघणाऱ्याचे डोळे निवावेत असा वाफा, आणि माशी मात्र औषधालाही नाही! असल्या फुलांचं म्हणजे बडा घर पोकळ वासा. पाकळ्यांचीच एवढी गर्दी की पराग नाही, असला तरी आत शिरायला वाट नाही. आणि शेजारी दाजींच्या बडीशेपेवर, त्या चिल्लर पिवळ्या फुलांवर, नुसती झुंबड.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. पलीकडचा वाफा त्यांचा. स्वभावाने बरे, पण जीभ सैल. ते म्हणाले, "काकू, तुमची डेलिया म्हणजे कवळी आहे. दिसायला झकास, पण जिवंत काही नाही त्यात."

"कवळ्या तुम्ही बसवता," अक्का म्हणाली, "आणि नावं माझ्या फुलांना ठेवता?"

तोंडाने अशी फटकळ, पण घरी जाताना वाटेत ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे एक येत नाही गं. सगळ्या त्यांच्याकडे जातात. इथेही तेच." मला एकदम गलबलून आलं. खरंच होतं ते. घरी आलेली माणसं दाजींजवळ बसायची आणि अक्काच्या स्वच्छ फरशीवर पाय ठेवायला घाबरायची. तिला ते कळत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हिवाळा लागला आणि दाजी इस्पितळात गेले. तेच इस्पितळ. अक्का रोज जायची आणि आधी चादर तपासायची, मग नवरा. परिचारिका तिला बघून दुसऱ्या खोलीत पळत. मंडळाची हिवाळी बैठक झाली, तिच्यात सचिवबाई वाळक्या काड्यांचा नियम समजावून सांगतात, नव्या माणसाला तो तिथेच पहिल्यांदा कळतो. पण अक्का त्या दिवशी दाजींच्या उशाशी होती. आणि आम्हा बाकीच्यांना तो नियम इतका अंगवळणी पडलेला, की कुणाला वेगळा सांगावा हे सुचलंच नाही.

थंडी ओसरायला आली. दाजी तगून होते. डॉक्टर म्हणाले, ऊब वाढली की चाकाच्या खुर्चीतून तासभर बागेत न्यायला हरकत नाही. ते ऐकून अक्का इतकी हरखली की दुसऱ्या दिवशी सकाळीच हातमोजे, कात्री आणि पोती घेऊन बागेत पोहोचली. थंडीचं तिथे कुणी नसतं. दाजींचा वाफा तिने पाहिला असेल, तेव्हा तिला काय दिसलं असेल ते मी सांगू शकते. काळी पडलेली पानं, वाकलेले दांडे, आणि टोकाला चिखल अडकलेल्या करड्या काड्या. नवरा इतक्या महिन्यांनी येणार, आणि त्याने हे बघायचं? तिने सगळं मुळासकट उपटलं. माती चाळली, हाताने सारखी केली, इस्त्री मारावी तशी. डेपोपाशी कचऱ्याची गाडी येते ती गाठून पोती स्वतःच्या हाताने आत टाकली. अर्धवट काम तिने जन्मात केलं नव्हतं.

आणि तिथून ती तडक इस्पितळात आली. मी दाजींना चमच्याने पाणी पाजत होते. अक्काचे गाल थंडीने लाल झालेले, नखांत माती. तिच्या नखांत माती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"तुमचा वाफा लख्ख करून आले," ती म्हणाली. "आता या खुशाल."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "लख्ख म्हणजे?" त्यांना एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागायचा. "काड्या होत्या... बडीशेपेच्या."

"त्या वाळक्या? उपटून फेकून दिल्या. शी! तोंडं चिखलाने बरबटलेली, वर चुना काय सांडलेला. तुम्हाला घाणीत बसायची सवय, पण मी आहे ना अजून."

मी चमचा हातात धरून तशीच बसले. मला ओरडावंसं वाटत होतं. दाजी खिडकीकडे बघत राहिले. खिडकीतून धुलाईघराचं धुराडं दिसायचं, दुसरं काही नाही. मग त्यांनी मान वळवली आणि अक्काचा तो मातीचा हात आपल्या हातात घेतला.

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं, मी ऐकलं ना याची खात्री करायला. मग तिचा चेहरा असा काही फुलला की बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती उशीच्या अभ्र्यावर डाग आहे असं पुटपुटली आणि नवा अभ्रा आणायला बाहेर गेली. अभ्रा स्वच्छ होता.

ती गेल्यावर मी म्हटलं, "दाजी, मी जाते. अजून सापडतील पोती."

"जा. पण तिला सांगू नकोस." ते थांबून थांबून बोलत होते. "कधीच नको. हे कळलं तर ती स्वतःला धुऊन धुऊन फाडून टाकेल."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण रागवायला छातीत हवा लागते गं."

मी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दवाखाना बंद करून गाडी घेऊन आले आणि आम्ही दोघं शहराबाहेरच्या कचरा डेपोवर गेलो. त्या गाड्यांत कचरा आतल्या आतच दाबला जातो. तिथल्या माणसाने आम्हाला एक ढीग दाखवला, चपटा, ओला, माझ्या खांद्याइतका उंच. डॉक्टरांनी त्यात काठीने थोडं उकरून पाहिलं. मग काठी टाकून दिली.

मंडळात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सचिवबाई म्हणाल्या, योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगायला हवं. मी म्हटलं, "योग्य शब्द कोणते ते फळ्यावर लिहून दाखवा." दातांचे डॉक्टर म्हणाले, खोटेपणा आपल्याला जमत नाही. मी म्हटलं, "रोज खुर्चीत बसवून 'मुळीच दुखणार नाही' म्हणता, ते काय असतं?" शेवटी मी सगळ्यांकडून वचन घेतलं. दाजींची इच्छा आहे, आणि अक्काला कळलं तर ती उभी मोडेल. एवढं एक आपल्या सगळ्यांना सांभाळायचं आहे, बाकी काही नाही.

दाजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. बागेत जायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. अक्काने काढला की म्हणायचे, "बघू." मला वाटतं, हिवाळा काढायचं कारणच त्यांच्याकडे उरलं नव्हतं. हे मी अक्काला कधी बोलले नाही, आणि तसा विचार मनात आला की मला तिचा भयंकर राग यायचा. मग ती समोर दिसली की तो राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

ते गेल्यावर अक्का फारशी रडली नाही. भेटायला येईल त्याला मात्र एकच गोष्ट सांगायची. "जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही हो मला. शेवटी म्हणाले. मी वाफा साफ केला तेव्हा. हात हातात घेतला आणि म्हणाले, चांगलं केलंस." मंडळातली माणसं आली तेव्हा त्यांनाही तिने हेच सांगितलं. सचिवबाई रुमालाशी चाळा करत बसल्या. दातांचे डॉक्टर चपलांकडे बघत होते. अक्काला वाटलं, त्यांना फार दुःख झालंय. तिने उलट त्यांचीच समजूत घातली.

आणि मग ती रोज बागेत यायला लागली. आपली डेलिया तिने उपटून टाकली. दाजींच्या वाफ्यात बडीशेप पेरली, एकेरी पाकळ्यांची साधी फुलं लावली, आणि त्यांच्या स्टुलावर बसून राहायला लागली. "त्यांना बघायचं होतं ना वसंतात," ती म्हणायची. "त्यांच्या माश्या येतील. मी बघेन त्यांच्या वतीने." मला विचारायची, "अजून कशा आल्या नाहीत गं? ऊन तर पडतंय." मी म्हणायचे, येतील. तिची पाठ वळली की बाकीचे माझ्याकडे बघायचे. मी नजर चुकवून तण काढत बसायचे.

त्या सकाळी ऊन चांगलं होतं. मी नळावर झारी भरत होते. सचिवबाई पत्र्याच्या खोलीत, डॉक्टर आपल्या वाफ्यात गुडघ्यांवर. मला ते एकदम ताठ झालेले दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच आपली पाठ अशी फिरवली की अक्काला मागच्या काड्या दिसू नयेत. बूच फुटत होतं. आमच्या रीतीप्रमाणे त्यांनी हाक मारायला हवी होती. भला माणूस हाक गिळून बसला.

पण अक्काची नजर. तिच्या नजरेतून काही सुटलंय का कधी? "डॉक्टर, जरा सरका," ती म्हणाली. "तुमच्या मागे त्या काडीत काहीतरी हलतंय."

ते सरकले. दुसरं काय करणार? अक्का जवळ जाऊन खाली वाकली. काडीच्या टोकाशी चिखलाचं बूच तडकलं होतं. एक बारीक खपला पडला, मग दुसरा. दोन मिशा बाहेर आल्या, मग केसाळ डोकं. मी झारी टाकून धावले, पण तोपर्यंत सगळं तिच्या समोर होतं. गवंडीण बाहेर आली, काडीच्या काठावर बसून पंख झाडले आणि उडाली. लगेच तिच्या मागून दुसरीचं डोकं दिसायला लागलं.

अक्काने बोट पुढे करून त्या चिखलाला हात लावला. पुसला नाही, नुसता हात लावला. मग तिने बाकीच्या काड्या पाहिल्या, एकेक करून, ती कपडे तपासायची तशा. मग मागे वळून दाजींचा वाफा पाहिला.

"त्या काड्या," ती म्हणाली. "त्यांच्यात पण हेच होतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"त्यांना माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आणि तुला? तुम्हाला सगळ्यांना?"

"दाजींनीच सांगितलं होतं, अक्का. तुला कळू द्यायचं नाही म्हणून. तुला त्रास होऊ नये म्हणून गं. तुझ्यावर त्यांचा किती जीव होता..."

"गप्प बस," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती कोसळणार. मी धरायला पुढे झाले. तिने माझा हात झिडकारला, तरातरा दाजींच्या वाफ्याशी गेली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घराच्या दारात उभी राहायची तशी.

"तुम्हाला तोंड नव्हतं का?" ती ओरडली. डेपोतली माणसं भिंतीवरून डोकावून बघायला लागली. "मिठावरून भांडलात, चपलांवरून भांडलात, चादरीवरून जीव नको केलात माझा! आणि एवढं मोठं कारण मिळालं तेव्हा गप्प बसलात?"

ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"चांगलं केलंस म्हणे! काय चांगलं केलं मी? सांगा ना! मी लोकांना सांगत फिरले. घरोघर सांगत फिरले, मूर्खासारखी. परकी होते मी? पाहुण्या बाईने कप फोडला तर असू दे म्हणतात, तसं मला असू दे म्हणालात? शिव्या घालायच्या होत्या. तो पाण्याचा पेला फेकून मारायचा होतात. मी पुसून घेतलं असतं की नाही?"

ओरडा ऐकून खोलीतून बाहेर आलेल्या सचिवबाई पुढे व्हायला निघाल्या, त्यांना मी दंडाला धरून मागे ओढलं. अक्का रडत होती आणि बोलत होती, तोंडाला येईल ते, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबत होती. दाजी उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायचे, बरोबर तेवढाच. मग उत्तर आलं नाही म्हणून आणखी चिडून पुढचं बोलत होती.